नवी गाडी, जुना डावा पाय

जालना जिल्ह्यात नवी कार घेणाऱ्या माणसाने त्याआधी काही ना काही चालवलेलं असतंच. कोणी वर्षानुवर्षं मोटारसायकलवर गाव ते मोंढा अशा खेपा केलेल्या असतात, कोणी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून ऊस आणि मोसंबी वाहिलेली असते, तर कोणाच्या दारात दहा वर्षांची डिझेल गाडी उभी असते. क्लच कशाला म्हणतात हे यातल्या कोणालाही सांगावं लागत नाही. तरीही एमएच-२१ची कोरी पाटी लावलेली गाडी अंबड चौफुलीवर, नेमकी ट्रकच्या पुढ्यात, गचका खाऊन बंद पडते. मागे हॉर्न सुरू होतात. घरी आल्यावर मालक सांगतो, ‘क्लच लई कडक आहे,’ किंवा ‘गाडी उचलतच नाही.’

बहुतेक वेळा गाडीत काहीच बिघडलेलं नसतं. मोटारसायकलने हाताला, ट्रॅक्टरने पायाला आणि जुन्या डिझेलने कानाला एक वळण लावलेलं असतं. त्या त्या यंत्रासाठी ते वळण बरोबरच होतं. नव्या गाडीची मागणी वेगळी असते. म्हणून तिची सवय करून घेताना पहिला प्रश्न असा की, आपल्या अंगातली कोणती जुनी सवय इथे चालणार नाही? त्याचं उत्तर मिळवायला पेडलखाली काय घडतं ते एकदा समजून घ्यावं लागतं.

पेडलखाली काय घडतं

गाडी उभी असताना इंजिन मिनिटाला साधारण ८०० फेरे घेत असतं आणि चाकं स्थिर असतात. इंजिनाला या फेऱ्यांच्या फार खाली जाता येत नाही, गेलं की ते बंद पडतं. फिरणारं इंजिन आणि थांबलेली चाकं एकदम जोडली तर दोनच गोष्टी होऊ शकतात: गाडी उडी मारेल किंवा इंजिन थांबेल. या दोघांना हळूहळू एका गतीवर आणण्याचं काम क्लच करतो.

इंजिनाच्या टोकाला फ्लायव्हील नावाची जड चकती असते. तिला चिकटून घर्षणाचं अस्तर लावलेली क्लच प्लेट असते आणि प्लेटच्या मागे प्रेशर प्लेट. पाय पेडलवर नसतो तेव्हा एक दणकट स्प्रिंग प्रेशर प्लेटला पुढे रेटते आणि क्लच प्लेट दोन धातूंच्या मध्ये घट्ट दाबून धरते. इंजिनाची ताकद तिच्यातूनच गियरबॉक्समध्ये जाते. पेडल दाबलं की बेअरिंग त्या स्प्रिंगला ढकलतं, पकड सुटते आणि इंजिन वेगळं, चाकं वेगळी होतात. म्हणजे पेडल दाबणं म्हणजे जोड सोडणं आणि पाय उचलणं म्हणजे जोड लावणं.

या दोन टोकांच्या मध्ये एक अरुंद पट्टा असतो. तिथे प्लेट थोडी घसरते, थोडी पकडते. यालाच आपण हाफ क्लच म्हणतो. पेडलच्या पूर्ण प्रवासापैकी खरं काम इतक्याच पट्ट्यात होतं, त्याच्या वर आणि खाली पाय कितीही वेगाने हलला तरी बिघडत नाही. नव्या गाडीची अडचण इथेच असते, कारण हा पट्टा प्रत्येक गाडीत वेगळ्या उंचीवर असतो. जुन्या कित्येक गाड्यांत क्लच वायरवर चालायचा. वायर जुनी झाली की पेडल जड व्हायचं आणि प्लेट झिजेल तशी पकड वरवर सरकत जायची. बऱ्याच नव्या गाड्यांत हेच काम तेलाच्या दाबाने होतं, त्यामुळे पेडल हलकं लागतं आणि पकड कुठे सुरू झाली ते पायाला जरा उशिरा कळतं. जुन्या गाडीत झिजलेल्या प्लेटमुळे पकड अगदी वर आलेली असते आणि पायाला तीच उंची पाठ झालेली असते. नव्या गाडीत पाय त्या उंचीला पोचण्याआधीच प्लेटने पकड घेतलेली असते. गचका येतो तो या फरकामुळे.

मैदानातला पहिला धडा

यावर उपाय सोपा आहे, पण रस्त्यावर करण्यासारखा नाही. गावाबाहेरच्या सपाट, मोकळ्या जागेत गाडी न्यावी. आधी सीट नीट लावावी. क्लच तळाशी दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. पाय पूर्ण ताणला जात असेल तर तो पट्टा बारकाईने जाणवणार नाही. पायाखालची मॅट सरकून पेडलमागे अडकत नाही ना, हेही पाहावं. नव्या गाडीत कंपनीच्या मॅटवर आणखी एक जाड मॅट टाकण्याची आपल्याकडे हौस असते. तिच्यामुळे क्लच तळापर्यंत जात नाही आणि गियर टाकताना खरखर होते. सैल चप्पल घालून चालवू नये. सपाट, पातळ तळाचा बूट सगळ्यांत चांगला.

आता पहिला गियर टाकावा, उजवा पाय ब्रेकवरून उचलून जमिनीवर ठेवावा आणि अॅक्सिलेटरला अजिबात हात न लावता, म्हणजे पाय न लावता, क्लच अगदी सावकाश सोडत यावा. एका जागी इंजिनाचा आवाज जरा दबतो, गाडीचं नाक किंचित हलतं आणि चाकं फिरू लागतात. तीच पकडीची जागा. तिथे पाय क्षणभर स्थिर ठेवावा, गाडी चालू लागली की बाकीचा पाय उचलावा. आजकालच्या इंजिनांत संगणक असतो. फेरे घसरताहेत असं दिसताच तो स्वतःहून इंधन वाढवतो, त्यामुळे सपाटीवर बहुतेक गाड्या अॅक्सिलेटरशिवायही निघतात. हे पुन्हा पुन्हा करत राहावं, इतकं की उंची बघायला डोकं लागू नये.

निघालेली गाडी किती वेगाने जाते याचा हिशेबही बोलका आहे. समजा, एखाद्या लहान कारचा पहिल्या गियरचा गुणक ३.५ आहे आणि चाकांकडच्या शेवटच्या गियरचा ४. म्हणजे इंजिनाने १४ फेरे घेतले की चाक एकदा फिरतं. १५ इंची रिमच्या सर्वसाधारण टायरचा घेर १.९५ मीटरच्या आसपास येतो. ८०० फेऱ्यांवर ही गाडी ताशी साडेसहा-सात किलोमीटर जाईल, माणसाच्या झपाझप चालीपेक्षा थोडी जास्त. गर्दीत यापेक्षा कमी वेगाने सरकायचं असेल तर क्लच घसरवण्यावाचून पर्याय नाही, आणि इतक्या वेगाने जाता येत असेल तर क्लच घसरवण्याचं कारण नाही. राजूरच्या गणपतीला अंगारकीला गेलं की हा नियम कामाला येतो. समोरच्या गाडीला चिकटून हातभर-हातभर सरकण्याऐवजी दोन गाड्यांची जागा मोकळी होऊ द्यावी, मग क्लच पूर्ण सोडून पहिल्या गियरमध्ये तेवढं अंतर सरळ जावं आणि थांबल्यावर न्यूट्रल करून दोन्ही पायांना विश्रांती द्यावी.

मोटारसायकलवरून आलेला हात

मोटारसायकलचा क्लच हाताने चालतो, एवढाच फरक बहुतेकांना माहीत असतो. महत्त्वाचा फरक आतला आहे. आपल्याकडच्या बहुतेक मोटारसायकलींत एक नव्हे, अनेक पातळ प्लेटा असतात आणि त्या इंजिन ऑईलमध्ये बुडालेल्या असतात. घर्षणाची उष्णता तेल वाहून नेतं. म्हणून बाजारात अर्धा क्लच दाबून, रेस देत देत गाडी रेंगाळवली तरी ती बरीच सोसते. कारचा क्लच कोरडा असतो. एकच प्लेट, तेलाचा थेंबही नाही, आणि ओढायचं वजन टनाच्या घरात. तिथे घसरण लांबली की उष्णतेला जायला जागा नसते. मे महिन्यात पारा चाळिशीपार असताना तर आणखीच नाही. जळक्या वासाचा पहिला भपकारा येतो तेव्हा प्लेटचं अस्तर होरपळू लागलेलं असतं. मोटारसायकलवर जी सवय कौशल्य म्हणून मिरवता येते, तीच कारमध्ये खर्चाची ठरते.

दुसरी सवय गियरच्या क्रमाची. मोटारसायकलचे गियर रांगेत असतात, एकेक करूनच वरखाली जावं लागतं. त्यामुळे अनेक नवे कारचालक थांबताना पाच, चार, तीन, दोन, एक अशी उतरंड पूर्ण करतात आणि प्रत्येक पायरीवर क्लच वापरतात. कारमध्ये तशी सक्ती नाही. आधी ब्रेकने वेग कमी करावा आणि मग त्या वेगाला शोभणारा गियर थेट टाकावा. पाचव्यातून सरळ तिसऱ्यात आलं तरी चालतं.

मात्र ही मोकळीक सांभाळून वापरावी लागते. ताशी १०० वेगात पाचव्यातून चौथा टाकताना दांडा चुकून दुसऱ्यात गेला, तर वरच्याच हिशेबाने, दुसऱ्याचा गुणक १.९ धरला तर, चाकं इंजिनाला मिनिटाला साडेसहा हजार फेरे घ्यायला लावतील. चुकीने जास्त रेस दिली तर संगणक इंधन तोडून इंजिन वाचवू शकतो. इथे मात्र चाकंच इंजिनाला फिरवत असतात, त्यामुळे संगणकाच्या हातात काही उरत नाही. म्हणून दांडा मुठीत आवळून ओढू नये. न्यूट्रलमध्ये सोडल्यावर स्प्रिंग त्याला आपोआप तिसऱ्या-चौथ्याच्या रांगेत आणते. पाचव्यातून चौथ्यात येताना मोकळ्या तळहाताने सरळ मागे ओढलं की तो बरोबर जागी पडतो.

ट्रॅक्टरवरून आलेला पाय

अंबड, घनसावंगी, परतूरकडे कित्येकांच्या पायाला पहिला क्लच लागतो तो ट्रॅक्टरचा. ट्रॅक्टरवर काम बघून गियर ठरतो. नांगरटीला एक, पेरणीला दुसरा, भरल्या ट्रॉलीला तिसरा. गियर टाकायचा, हाताने रेस लावायची आणि तास संपेपर्यंत त्यातच राहायचं. जुन्या धाटणीच्या ट्रॅक्टरचे गियर चालता चालता सहज पडत नाहीत, थांबून बदलावे लागतात. शिवाय अनेक ट्रॅक्टरांना दुहेरी क्लच असतो. पेडल अर्ध्यापर्यंत दाबलं की चाकं सुटतात आणि तळाशी दाबलं की मागचं अवजार फिरवणारा पीटीओही थांबतो. रोटाव्हेटर चालू ठेवून ट्रॅक्टर थांबवायचा असेल तर पेडल अर्ध्यावरच ठेवावं लागतं.

हा पाय कारमध्ये दोन चुका करतो. पहिली, क्लच अर्धाच दाबून गियर टाकतो. कारमध्ये अर्ध्या दाबाला पकड पूर्ण सुटलेलीच नसते, त्यामुळे गियर अडतो किंवा किरकिरतो. कारमध्ये क्लच नेहमी तळापर्यंत दाबायचा. दुसरी चूक म्हणजे पाय पेडलवरच विसावलेला ठेवणं. नुसत्या पावलाच्या वजनानेही बेअरिंग सतत स्प्रिंगला टेकून फिरत राहतं आणि प्लेटची पकड किंचित सैल होते. डावीकडे पाय टेकायला सपाट जागा दिलेली असते ती याचसाठी. गियर बदलला की पाय तिथे गेला पाहिजे.

चालत्या गाडीत गियर इतक्या सहज कसे पडतात, हा ट्रॅक्टरवाल्याचा प्रश्न रास्त आहे. गियरबॉक्समध्ये वेगवेगळ्या गतीने फिरणारे दोन भाग दातांनी एकमेकांत गुंतवायचे असतात. जुन्या मालट्रकांचे आणि बसचे ड्रायव्हर त्यासाठी डबल क्लच करत. क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून रेसने गती जुळवणं, पुन्हा क्लच दाबून गियर. ही गती जुळवण्याची कसरत यंत्राकडे सोपवणारी सिंक्रोमेश पद्धत अमेरिकेच्या कॅडिलॅक कंपनीने १९२८ साली बाजारात आणली. तिच्यात दात गुंतण्याआधी एक शंकूच्या आकाराची कडी फिरणाऱ्या गियरला घासते आणि दोघांची गती एक करते. चालत्या एसटीत चढणारा माणूस आधी चार पावलं तिच्या बरोबरीने धावतो, तसंच हे. त्या चार पावलांना वेळ लागतो. म्हणून नवा गियर टाकताना दांड्यावर झटका मारायचा नसतो. हलका, सतत दाब ठेवायचा, अडतो तिथे अर्धा सेकंद थांबायचं, तो आपणहून आत जातो. जोर लावला तर ती कडी झिजते, आणि पुढे त्याच गियरला कायमची खरखर लागते.

रिव्हर्सची गोष्ट वेगळी. बऱ्याच गाड्यांत रिव्हर्सला ही सोय नसते आणि त्याचे दात सरळ कापलेले असतात. मागे जाताना तो खास ‘कुईऽऽ’ आवाज येतो तो या सरळ दातांचा. त्यामुळे गाडी पूर्ण थांबवावी, क्लच तळाशी दाबून दोन-तीन सेकंद थांबावं, मगच रिव्हर्स टाकावा. तरीही पडला नाही तर न्यूट्रलमध्ये क्लच एकदा सोडून पुन्हा दाबावा. रिव्हर्सची जागाही गाडीगणिक बदलते. काहींत ती उजवीकडे खाली, पाचव्याच्या रांगेत असते. काहींत डावीकडे, पहिल्याच्या शेजारी. तिथे चुकून हात जाऊ नये म्हणून कुठे दांड्यावरची कडी वर उचलावी लागते, कुठे दांडा खाली दाबावा लागतो. नवी गाडी घरी नेण्याआधी इंजिन बंद ठेवून सगळे गियर हाताने फिरवून पाहावेत. जुन्या गाडीत जिथे रिव्हर्स होता तिथे नवीत पहिला असू शकतो, आणि हे मोंढ्यातल्या गर्दीत कळणं महागात पडतं.

डिझेलनंतरचं पेट्रोल

तिसरा गट जुन्या डिझेलवाल्यांचा. १ एप्रिल २०२० पासून देशात प्रदूषणाचे बीएस-६ नियम लागू झाले. लहान डिझेल इंजिनं या नियमांत बसवणं महाग पडू लागलं आणि मारुतीने तर तेव्हापासून डिझेल गाड्याच थांबवल्या. त्यामुळे डिझेल डिझायर किंवा स्विफ्ट चालवलेले कित्येक जण आता पेट्रोल वा सीएनजी गाडीत बसले आहेत. ‘गाडी उचलत नाही’ ही तक्रार जास्त करून त्यांची असते.

डिझेल इंजिनाला खालच्या फेऱ्यांवर भरपूर ओढ असते. क्लच जरा लवकर सुटला तरी ते गाडी रेटून नेतं. दोन हजार फेऱ्यांच्या आसपास टर्बो लागला की चौथ्या-पाचव्या गियरमध्येही ते जोर देतं. टर्बो नसलेलं लहान पेट्रोल इंजिन तसं नाही. त्याची ताकद फेऱ्यांसोबत चढत जाते. ते निघताना थोडी रेस मागतं आणि पुढे जाण्यासाठी खालचा गियर मागतं. सीएनजीवर त्याची ताकद आणखी कमी होते, म्हणजे गियर आणखी आधी उतरवावा लागतो. डिझेलच्या घुमणाऱ्या आवाजाला सरावलेल्या कानाला पेट्रोल इंजिन तीन हजार फेऱ्यांवर ‘ओरडतंय’ असं वाटतं आणि चालक घाईने वरचा गियर टाकतो. खरं तर तीन हजार फेरे हे त्याचं रोजचं कामकाज आहे.

आपल्याच नमुन्याच्या गाडीत तिसऱ्याचा गुणक १.३ आणि पाचव्याचा ०.८ धरू. ताशी ४० वेगात तिसऱ्यात इंजिन सुमारे १,८०० फेरे घेतं, पाचव्यात जेमतेम १,१००. पाचव्यात त्या वेगाने अॅक्सिलेटर दाबला की गाडी थरथरते, आतून ठोके ऐकू येतात आणि वेग काही वाढत नाही. ताशी ६० वर हीच तुलना २,७०० आणि १,६०० अशी येते. जालन्याच्या एमआयडीसीतून सळया भरून निघालेला ट्रक ओलांडायचा असेल तर तिसरा टाकून, समोरचा रस्ता रिकामा असल्याची खात्री करून, एका दमात पुढे जायचं. पाचव्यात राहून ओलांडायला गेलं तर तोच ट्रक कितीतरी वेळ शेजारी राहतो आणि समोरून येणारी गाडी जवळ येत जाते. हंगामात रात्री उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या, त्याही मागे दिवा नसलेल्या, समोर उभ्या ठाकतात. तिथे गियर आधी उतरवून ठेवणं ही सुरक्षेची गोष्ट होते.

समृद्धी महामार्गाने या सवयीत नवी भर घातली आहे. नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि जालन्याचा माणूस घरापासून काही मिनिटांत ताशी १२० च्या मर्यादेच्या रस्त्यावर पोचू लागला. तिथे तास-तासभर पाचवा किंवा सहावा गियर बदलावाच लागत नाही. मग उतरणीचा फाटा येतो, पुढे टोलनाका, आणि डोळ्यांना ताशी ६० हा वेगही रांगल्यासारखा वाटतो. चालक पाचव्यातच वळणात शिरतो आणि नाक्यासमोर गाडी आचके देते. फाटा लागताच काट्याकडे पाहून वेग कमी करावा आणि गियर काट्याप्रमाणे उतरवावा, अंदाजाप्रमाणे नाही.

नव्या गाड्यांतल्या काही सोयीही जुन्या चालकाला चकवतात. कित्येक गाड्या क्लच दाबल्याशिवाय सुरूच होत नाहीत. काहींत न्यूट्रल करून क्लच सोडला की इंजिन आपोआप थांबतं आणि क्लच दाबताच पुन्हा सुरू होतं. ते बंद पडलेलं नसतं, इंधन वाचवत असतं. डॅशबोर्डवर वरचा बाण दिसतो तो गियर वाढवण्याची सूचना देतो, पण ती इंधन वाचवण्याच्या हिशेबाने असते. चढावर, पाच माणसं आणि सामान असताना, ती मानण्याचं बंधन नाही. आणि पहिल्या सुमारे हजार किलोमीटरांत पूर्ण अॅक्सिलेटर, फार वरचे फेरे आणि लांबवर एकाच वेगाने पळवणं टाळावं, असं बहुतेक कंपन्यांच्या पुस्तिका सांगतात. समृद्धीवर नवी गाडी ‘मोकळी करायला’ नेणाऱ्यांनी हे पान वाचलेलं बरं.

चढ, घाट आणि काळी माती

चढावर गाडी थांबवून पुन्हा काढणं ही नव्या चालकाची सगळ्यांत मोठी धास्ती. यात हँडब्रेक हा खरा सोबती. हँडब्रेक ओढून पहिला गियर टाकावा, थोडी रेस द्यावी, क्लच पकडीच्या पट्ट्यापर्यंत आणावा. गाडीचं मागचं अंग जरा खाली दबतं, पुढचं उचलतं, तेव्हा हँडब्रेक सोडावा. गाडी मागे सरकत नाही. काही नव्या गाड्या चढावर ब्रेक सोडल्यानंतरही दोन-एक सेकंद स्वतः धरून ठेवतात, पण ती सोय आपल्या गाडीत आहे की नाही हे चढावर नव्हे, आधीच तपासावं. काहीही झालं तरी चढावर क्लच आणि रेसच्या जोरावर गाडी तोलून उभी ठेवू नये. तेवढ्या मिनिटभरात कोरडी प्लेट जितकी झिजते तितकी सपाटीवर कित्येक दिवसांतही झिजत नाही. एएमटी घेतलेल्यांनाही हे लागू आहे. २०१४ साली मारुती सेलेरिओसोबत आपल्याकडे रुळलेल्या या पद्धतीत पेडल नसलं तरी आत तीच कोरडी प्लेट आणि तोच गियरबॉक्स असतो, फक्त पाय आणि हात यंत्राचे असतात.

भोकरदन-सिल्लोडमार्गे जळगावकडे जाताना अजिंठ्याचा घाट उतरावा लागतो. तिथे काही जण डिझेल-पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करतात. आधुनिक इंजिनात पाय अॅक्सिलेटरवरून काढून गियरमध्ये उतरलं की संगणक इंधन जवळपास पूर्ण बंद करतो, कारण चाकंच इंजिन फिरवत असतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यासाठी इंधन जळतच राहतं. म्हणजे वाचत काही नाही, आणि वेग रोखण्याचा सगळा भार ब्रेकवर येऊन ते तापतात. ज्या गियरमध्ये घाट चढला असता त्याच गियरमध्ये तो उतरावा, हे जुन्या ड्रायव्हरांचं सूत्र आजही बरोबर आहे.

पावसाळ्यात शेतरस्त्याच्या काळ्या मातीत चाक रुतलं की डावा-उजवा दोन्ही पाय पिसाळतात. रेस वाढते, क्लच अर्धा राहतो, चाक जागीच फिरून आणखी खोल जातं आणि वास सुटतो. अशा वेळी दुसरा गियर टाकून अगदी कमी रेसवर निघून पाहावं, म्हणजे चाकावर झटका कमी येतो. चाकाखाली दगड, पाचट किंवा तुराट्या टाकाव्यात. दोन-तीनदा नाही जमलं तर ट्रॅक्टर बोलवावा. क्लच प्लेट बदलायला गियरबॉक्स खाली उतरवावा लागतो, आणि झिजण्याची वस्तू म्हणून ती बहुधा वॉरंटीत धरली जात नाही. त्यापुढे ट्रॅक्टरवाल्याचे पैसे कमीच.

स्वतःची परीक्षा

सवय झाली की नाही हे ओळखण्याची मोजपट्टी सरकारनेच तयार करून ठेवली आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला पंधरावा नियम परवान्याच्या चाचणीत काय पाहावं ते सांगतो. सुरक्षित आणि सुरळीत निघून टॉप गियरपर्यंत सगळे गियर टाकता येणं, रहदारी मागेल तेव्हा टॉपमधून झटकन खालच्या गियरमध्ये येणं, उतारावर चपळाईने गियर उतरवणं, आणि तीव्र चढावर थांबून गाडी अजिबात मागे न जाऊ देता पुन्हा काढणं. खिशात परवाना असलेल्या माणसाने ही परीक्षा कधीतरी जुन्या गाडीवर दिलेली असते. नव्या गाडीवर ती पुन्हा द्यायला कोणी सांगत नाही, आरटीओही बोलवत नाही.

ती आपणच घ्यावी. शेजारी एखादा जाणता चालक बसवून आधी मोकळ्या मैदानात, मग सकाळच्या रिकाम्या मंठा रोडवर, मग चढावर आणि सर्वांत शेवटी गर्दीत. चारही गोष्टी जमल्या, शेजारच्याची मान प्रत्येक गियरला पुढे-मागे झाली नाही, की बाजाराच्या दिवशीही गाडी बिनघोर न्यावी. एखादी गोष्ट अडली तर ती कोणत्या जुन्या यंत्राची सवय आहे ते ओळखावं आणि तेवढीच पुन्हा घोटावी.